आजोबांच्या पेटीतलं पिस्तूल

गंजलेलं शस्त्र आणि निकामी शस्त्र यांत फार मोठं अंतर असतं. पोलीस दलात आर्मरर म्हणून माझी सगळी नोकरी हे अंतर तपासण्यात गेली. आर्मरर म्हणजे बंदुकांना तेलपाणी करणारा माणूस, असं बाहेरच्यांना वाटतं. तेलपाणी असतंच. कोतातल्या, म्हणजे शस्त्रागारातल्या, रायफली मोजून देणं आणि मोजून परत घेणं, फुलथ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी, ओढून नळी उजेडाकडे धरून बघणं, फायरिंग पिन घासली का, स्प्रिंग थकली का हे पाहणं, हा रोजचा भाग. पण खरं जोखमीचं काम कागदावर असतं. समोर ठेवलेलं शस्त्र चालतं की नाही, दुरुस्त केल्यावर चालेल की नाही, एवढं एक वाक्य लिहून खाली सही करायची. त्या वाक्यावर कुणाची तरी कोर्टकचेरी अवलंबून असते, आणि कधी कुणाचा जीवही.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला, तेव्हा मी नव्या मुख्यालयात आलो. आमच्या भागात परवान्याची हत्यारं म्हणजे बहुतेक बारा बोअरच्या बंदुका. बँकेच्या दारावरच्या रखवालदाराची एक, आणि बाकीच्या पीक संरक्षणाच्या. सोयाबीन आणि तुरीत रोही आणि रानडुकरं किती नुकसान करतात, ते इथल्या शेतकऱ्याला विचारावं. कुठे कुठे ठासणीची जुनी बंदूकही असायची. निवडणूक लागली की ही हत्यारं पोलीस ठाण्यात जमा होत, त्यांचे नंबर परवान्याशी ताडून बघताना दिवस सरत. या सगळ्यात परदेशी पिस्तूल हाती येणं ही विरळ गोष्ट. आलं की ते बहुतेक एकाच वाटेनं येई: म्हातारा फौजी गेला, तेराव्यानंतर घरच्यांनी त्याची पत्र्याची पेटी उघडली, आणि तळाशी कापडात गुंडाळलेलं काहीतरी निघालं.

या जिल्ह्यातून पिढ्यानपिढ्या माणसं फौजेत गेली आहेत. कुणी मराठा पलटणीत, कुणी महार रेजिमेंटमध्ये, कुणी बॉम्बे सॅपर्समध्ये. लढाईत शत्रूचं हत्यार हाती लागलं तर ते पलटणीत जमा करायचं असतं. बहुतेकांनी ते केलं. काहींनी नाही केलं. का नाही केलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. विकायचं, वापरायचं असं त्यांच्या मनात नव्हतं. परमुलखातल्या डोंगरात आपण मरता मरता वाचलो, हे गावात कुणाला सांगणार आणि सांगितलं तरी कोण मानणार? शत्रूच्या अधिकाऱ्याचं पिस्तूल हा त्या दिवसाचा पुरावा होता. मेडल सरकार देतं, ते सगळ्यांना सारखं असतं. पिस्तूल त्याचं एकट्याचं होतं.

रिसोड तालुक्यातल्या एका गावात मला असंच बोलावणं आलं. तिथल्या पोलीस पाटलांनी शहाणपणा केला होता. पेटीत पिस्तूल आहे असं कळल्यावर त्यांनी ते कुणाला उचलू दिलं नाही, खोलीला कडी घातली आणि ठाण्याला कळवलं. मी फौजदारांबरोबर गेलो. ओसरीवर आजी बसल्या होत्या. मी काही विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, "दसऱ्याले काढे बुडा. हळद-कुकू लावे, तेल लावे अन् ठेवून दे. आमाले हात लावू देत नोता. आता तो गेला. मले हे घरात नाई पायजे, बाप्पा."

धोतराच्या फडक्यात ते होतं. बसकं, तळहातात मावेल असं, मॅगझीनच्या तळाला करंगळी टेकवायला पुढे आलेला आकडा. स्लाइडच्या खाचांत वर्षानुवर्षांचं कुंकू तेलाबरोबर घट्ट बसलेलं. घरचे म्हणत होते, जर्मन साहेबाचं पिस्तूल आहे. गावात प्रत्येक परदेशी हत्यार जर्मनच असतं. मी मॅगझीन काढलं. नातू शेजारी उभा होता, त्यानं सुटकेचा श्वास सोडला. "आता रिकामं झालं ना, काका?"

इथेच माणसं मरतात. मॅगझीन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, ही समजूत मी शिकल्यासवरलेल्या लोकांतही पाहिली आहे. मी सगळ्यांना मागे केलं, अंगणाच्या कडेला मातीचा ढीग होता त्याकडे तोंड धरलं आणि स्लाइड मागे ओढली. म्हाताऱ्यानं दर दसऱ्याला तेल दिलं होतं, त्यामुळे ती सरळ मागे आली. चेंबरमधून एक काडतूस बाहेर पडलं. पितळ हिरवट झालेलं, पण बुडाची, दारू पेटवणारी टोपी शाबूत. कोरडी राहिलेली टोपी कित्येक दशकांनीही पेटू शकते. साठेक वर्षं ती गोळी त्या घरात होती. तिच्यासमोर उदबत्ती लागली होती.

नातू तिथंच खाली बसला. बऱ्याच वेळानं त्यानं सांगितलं, सातवी-आठवीत असताना एका दुपारी त्यानं ते पेटीतून काढलं होतं, चुलतबहिणीवर रोखलं होतं आणि चाप ओढला होता. घोडा चढवलेला नव्हता. या जातीच्या पिस्तुलाचा घोडा आधी मागे ओढावा लागतो, नुसता चाप दाबून तो पडत नाही. त्या मुलाला हे ठाऊक नव्हतं. चाप हलला, काही झालं नाही, त्यानं पिस्तूल परत ठेवलं. ती चुलतबहीण, आम्ही गेलो त्या दिवशी, सासरहून आली होती आणि आत चहा करत होती.

मुख्यालयात आणल्यावर मी ते पूर्ण उघडलं, पुसलं आणि भिंगाखाली धरलं. स्लाइडवर बेरेटाचं नाव होतं, गार्डोने गाव होतं, १९३४ चं मॉडेल आणि ९ मिमी छोट्या काडतुसाची खूण होती. शेवटी १९३८ साल, आणि त्यापुढे रोमन आकड्यांत सोळा. मुसोलिनीच्या राजवटीनं १९२२ पासून स्वतःची कालगणना सुरू केली होती, तिचं ते सोळावं वर्ष. हत्यारावरसुद्धा त्यांनी आपला शक कोरला होता. शेजारी राजमुकुट आणि इटलीच्या शाही सेनेची अक्षरं. म्हणजे साहेब जर्मन नव्हता, इटालियन होता.

नातवाकडून मी आजोबांचं डिस्चार्ज बुक मागवलं. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. मेडलांत आफ्रिका स्टार होतं. मग उलगडा झाला. ही पलटण पाचव्या भारतीय डिव्हिजनमधून एरिट्रियात लढली. १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये केरेनच्या डोंगरांवर इटालियन वरून मारा करत होते आणि आपली माणसं उघड्या कड्यांवरून चढत होती. प्यायचं पाणी पाठीवर वाहून न्यावं लागे. २७ मार्चला केरेन पडलं. पुढे हीच पलटण इटलीत गेली. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात तिच्यातल्याच नाईक यशवंत घाडगे यांना वीरमरण आलं आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पिस्तूल केरेनला मिळालं की इटलीत, हे सांगणारा माणूस आता नव्हता. पण आजोबा लढले त्या मुलखाचं नावच घरच्यांना पहिल्यांदा कळलं. तोवर त्यांच्यासाठी आजोबा नुसते 'जर्मनच्या लढाईत' गेले होते.

याच मॉडेलच्या एका पिस्तुलानं या देशाचा इतिहास बदलला. ३० जानेवारी १९४८ रोजी बिर्ला भवनाच्या हिरवळीवर गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या गेल्या, त्या बेरेटा १९३४ मधून. त्याचा नंबर ६०६८२४ खटल्याच्या कागदपत्रांत आहे. गोडसे आणि आपटे यांनी ते दोनच दिवस आधी ग्वाल्हेरहून मिळवलं होतं. इटालियन सैन्याचं हत्यार ग्वाल्हेरला कसं पोचलं, याचं जे उत्तर दिलं जातं ते असं की, अ‍ॅबिसिनियाच्या मोहिमेतून परतलेल्या एका फौजी अधिकाऱ्याबरोबर ते विजयाची खूण म्हणून आलं आणि मग हातोहात फिरत गेलं. आणणाऱ्याच्या मनात काय असणार? रिसोडच्या त्या म्हाताऱ्याच्या मनात होतं, तेच. आपण लढलो, ही त्याची निशाणी. पण हत्याराला मालकाचं मन कळत नाही. एकदा ते कागदाबाहेर गेलं की पुढचा हात कुणाचा असेल, यावर कुणाचाच ताबा राहत नाही. माझ्या टेबलावर त्याच घडणीचं, त्याच कारखान्यातलं पिस्तूल सुटं करून ठेवलेलं होतं, तेव्हा हे मला जेवढं लख्ख समजलं तेवढं कुठल्याही प्रशिक्षणात समजलं नव्हतं.

त्या आजींवर खटला झाला नाही. विनापरवाना हत्याराबद्दल शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ खाली खटला भरायचा तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. कलम ३९ त्यासाठीच आहे. ज्यानं ठेवलं तो गेला होता आणि जिनं पाहिलं तिनं स्वतः होऊन पोलीस पाटलांना कळवलं होतं. ही तरतूद लोकांना माहीत नसते, म्हणून भीतीपोटी हत्यार विहिरीत टाकलं जातं, शेतात पुरलं जातं, किंवा 'बघतो मी' म्हणणाऱ्या एखाद्या ओळखीच्याला दिलं जातं. हा शेवटचा प्रकार सर्वांत वाईट. विहिरीतलं हत्यार गाळ काढताना तरी सापडतं.

कायद्यातलं दुसरं एक कलम मला आयुष्यभर पुरलं. कलम ४५ सांगतं की जुनाट घडणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकळीला आलेलं हत्यार, जे दुरुस्त करूनही आणि न करूनही बंदूक म्हणून वापरता येत नाही, त्याला हा कायदा लागू नाही. 'दुरुस्त करूनही' हे शब्द महत्त्वाचे. लोक तेवढेच विसरतात.

कारंज्याकडच्या एका घरातून .४५५ चं इंग्रजी रिव्हॉल्व्हर आलं होतं. वडील सुभेदार होते. मुलगा मोठ्या पदावर, बोलायला अतिशय गोड. त्याला ते बैठकीत काचेच्या पेटीत ठेवायचं होतं. सिलिंडर गंजून जाम, घोडा हलत नव्हता, नळीत अंगठ्याएवढी धूळमाती. "साहेब, हे मेलेलंच आहे, तुम्ही फक्त तसं लिहा," एवढीच त्याची विनंती. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, त्याला खरंच ते मेलेलं वाटत होतं. मी ते रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं. काही दिवसांनी लाकडी हातोडीनं हलके ठोके दिले, सिलिंडर फिरला. घोडा सुटला. पिन शाबूत, स्प्रिंग अजून कडक. मी लिहिलं: सध्याच्या स्थितीत वापरायोग्य नाही, दुरुस्तीनं चालू शकतं. शिवाय .४५५ बोअर निषिद्ध वर्गात मोडतो, त्यामुळे साध्या परवान्याचाही मार्ग नव्हता. रिव्हॉल्व्हर गेलं. मुलगा पुढे कित्येक वर्षं मला कुठे भेटला तर नजर वळवून जाई. त्याचं दुःख मला कळत होतं. वडिलांची म्हणून घरात तेवढी एकच वस्तू उरली होती. पण गंजाला निकामी म्हणायचं ठरवलं असतं, तर पुढच्या प्रत्येक घराला मी काय सांगितलं असतं?

हत्याराची अवस्था त्याच्या मालकाबद्दल काय सांगते, याचं एक फार मोठं उदाहरण १९७१ चं आहे. १६ डिसेंबरला ढाक्याच्या रेसकोर्सवर पाकिस्तानी जनरल नियाझींनी शरणागतीवर सही केली आणि कमरेचं रिव्हॉल्व्हर काढून आपल्या जनरल अरोरांच्या हाती दिलं. ते चित्र सगळ्यांना माहीत आहे. आपले दुसरे सेनानी जनरल जेकब यांनी मात्र नंतर ते हत्यार नीट पाहिलं आणि पुस्तकात लिहून ठेवलं: साधं सरकारी .३८, नळी घाणीनं भरलेली, दोरी मळकट आणि झिजलेली. हे सेनापतीचं स्वतःचं हत्यार नव्हे, कुण्या शिपायाकडून घेतलेलं असावं, असा निष्कर्ष त्यांनी काढला. एवढ्या मोठ्या विजयाच्या धामधुमीत एक सेनानी नळीत डोकावून बघतो, याचा मला फार आदर वाटतो. त्यांनी बघितलं नसतं, तर ते रिव्हॉल्व्हर नियाझींचंच म्हणून सांगितलं गेलं असतं.

नळीत डोकावलं की घराघरातल्या कहाण्याही बदलतात. मानोरा तालुक्यातल्या एका कुटुंबानं आणलेलं 'जपानी कर्नलचं पिस्तूल' मी विसरणार नाही. पणजोबा ब्रह्मदेशात होते, समोरासमोरच्या झुंजीत त्यांनी ते हिसकावलं, अशी कथा चार पिढ्यांनी ऐकलेली. हातात घेतलं तेव्हाच समजलं. पितळी सांगाडा, इंचभर रुंद आखूड नळी. ते इंग्रजी सिग्नल पिस्तूल होतं. रात्री आकाशात रंगीत दारू उडवून आपल्या तोफखान्याला इशारा द्यायचं. जपान्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. कुटुंबातले सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. एक लहान मुलगी पुढेच उभी होती.

मी खरं तेच सांगितलं. पण नुसतं 'हे जपानी नाही' एवढं सांगून थांबलो नाही. रात्रीच्या जंगलात दारूचा दिवा वर पाठवणारा माणूस स्वतःची जागा शत्रूला दाखवतो. दिवा गेला की पहिला मारा त्याच्यावर येतो. हिसकावून घेण्यापेक्षा हे धाडस कमी नाही. पणजोबांनी झुंजीची गोष्ट स्वतः सांगितली होती की नंतरच्यांनी ती रचली, हे मी विचारलं नाही. त्या मुलीनं मात्र मला विचारलं, दिवा कोणत्या रंगाचा असायचा? लाल, हिरवा, पांढरा, असं मी सांगितलं. काय ठरलं असेल त्याप्रमाणे.

त्यानंतर माझ्या अहवालांची लांबी वाढली. आधी मी लिहीत असे: विदेशी बनावटीचं पिस्तूल एक, नंबर अमुक, चालू स्थितीत. कायद्याला तेवढं पुरतं. पण जप्त हत्यार शेवटी नष्ट व्हायचं असतं, आणि ते नष्ट झालं की घरच्यांकडे काहीच उरत नाही. म्हणून मी प्रत्येक खूण लिहू लागलो. कारखाना, साल, मुकुट, दुरुस्तीच्या खुणा, मुठीवर कुणी चाकूनं कोरलेली अक्षरं. रिसोडच्या पिस्तुलाच्या वर्णनात स्लाइडच्या खाचांतलं कुंकूसुद्धा लिहिलं. वरिष्ठांपैकी एकानं विचारलं, याची काय गरज? मी म्हणालो, वस्तू जशी आली तशी लिहिली. त्या नातवानं पुढे रीतसर अर्ज करून त्या कागदाची नक्कल मिळवली आणि आजोबांच्या डिस्चार्ज बुकाबरोबर ठेवली. त्याच्या बैठकीत आता मेडलं आहेत आणि एरिट्रियाचा नकाशा आहे.

मी आता निवृत्त आहे. माजी सैनिकांच्या मेळाव्यांत कुणी बोलावलं तर जातो आणि दोनच गोष्टी सांगतो. घरात असं काही असेल तर ते पिशवीत घालून ठाण्यात आणू नका. जिथं आहे तिथं राहू द्या, मुलाबाळांना दूर ठेवा आणि पोलिसांना घरी बोलवा. आणि जे आठवतं ते आजच सांगून लिहवून घ्या, कारण हत्यारावरून तुमची कहाणी काढताना माझ्यासारख्याला साल आणि कारखाना सापडतो, तुम्ही सापडत नाही.

मंगरूळपीरच्या बाजूला एक जुने हवालदार राहतात. १९७१ ला ते पहिल्या मराठा पलटणीत, जंगी पलटणीत, जमालपूरला होते. वेढ्यात सापडलेल्या पाकिस्तानी कर्नलला आपल्या ब्रिगेडियरनं शरण येण्याचं पत्र पाठवलं, तेव्हा त्यानं उत्तराच्या कागदात रायफलची गोळी गुंडाळून पाठवली, हा प्रसंग लष्करी इतिहासात नोंदलेला आहे. हवालदार तेव्हा जवळच खंदकात होते. ११ डिसेंबरला जमालपूर पडलं. त्यांना एका पडक्या बंकरमध्ये अधिकाऱ्याचं पिस्तूल सापडलं. दोन दिवस त्यांनी ते पिट्टूत, पाठीवरच्या पिशवीत, ठेवलं. तिसऱ्या दिवशी जमा झालेल्या हत्यारांच्या ढिगात नेऊन टाकलं.

"आबा, आणलं असतं तर!" असं त्यांचा नातू माझ्यासमोर हळहळला. आबांनी त्याच्याकडे बघितलं. "कायले? पिट्टूत होतं तं दोन दिवस झोप नाई आली. ज्याचं होतं तो सपनात ये. टाकलं अन् झोपलो."

नातवाला मी वही आणायला सांगितलं. आता आठवड्यातून एकदा मी जातो, आबा सांगतात, नातू लिहितो, आणि पलटणीची, गावांची नावं मी तपासून देतो. त्यांना घाई नाही. बेळगावच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये पहिल्या दिवशी काय जेवायला मिळालं, हेच दोन रविवार चाललंय. जमालपूर अजून लांब आहे.